बाईंना विचारा : पाऊणकी, भरती आणि ‘ब-१’चं दुःख

जूनमध्ये मला येणारी पत्रं वह्या, कव्हरं आणि दप्तराच्या ओझ्याची असतात. ऑगस्ट लागला की सूर बदलतो आणि ‘याला काही येत नाही हो बाई’ सुरू होतं. या खेपेला बहुतेक पत्रं सहावी ते आठवीच्या घरांतून आली आहेत. शाळेत आम्ही याला उच्च प्राथमिक म्हणतो. घरी मात्र या वर्षांना कुणी वालीच नसतो. पाचवीपर्यंत आई अभ्यास घेते, दहावीला क्लास घेतो, आणि मधल्या तीन वर्षांत पोरगं काय शिकतं ते फक्त पोराला आणि आम्हा शिक्षकांना ठाऊक. मी ही तीन वर्षं सगळ्या विषयांनिशी शिकवली आहेत, तेव्हा उत्तरं थोडी पसरट झाली तर चालवून घ्या.

मी मासेमारीच्या होडीवर असतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे. भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आला आहे. माझे वडील तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे, मीही तशीच सांगतो. मुलगी म्हणते, पुस्तकात तसं नाही, चंद्र-सूर्याच्या ओढीनं भरती येते. तिनं परीक्षेत काय लिहायचं? वडिलांचं चुकीचं होतं का?
— एक वडील, अलिबाग तालुका

परीक्षेत पुस्तकातलं लिहू दे आणि घरी आजोबांचं पाठ करू दे. दोन्ही एकच आहे. तिथी म्हणजे तरी काय? आकाशात चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप. बारा अंश पुढे गेला की एक तिथी. म्हणजे तिथीनं भरती सांगणारा माणूस चंद्र-सूर्यावरूनच सांगत असतो, फक्त दिनदर्शिकेत बघून.

तुमचे वडील बहुधा तिथीची पाऊणपट करत असतील. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा मिळवले की नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, भरती सहाला. पौर्णिमा झाली की वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. आता मुलीला वही घेऊन बसवा आणि पौर्णिमेचा हिशेब तिलाच करू द्या. पंधरा पाऊण सव्वाअकरा. पण पौर्णिमेला तुमच्याकडे भरती बाराच्या आसपास येते, हे तुम्ही तिला दाखवू शकता. मग मधला पाऊण तास गेला कुठे?

इथे ती बोटं मोजायला लागेल. लागू द्या. अमावास्येला भरती बाराला आणि पंधरा तिथींनंतर पौर्णिमेलाही बाराला, म्हणजे पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकली. बारा तासांची मिनिटं ७२०, भागिले १५, एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. प्रत्येक तिथीला तीन मिनिटं आपण सोडत आलो, पंधरा तिथींत तीच ४५ झाली. तेव्हा काटेकोर गुणायचं तर ३/४ नाही, ४/५ घ्यायला हवेत. पण होडीवर उभं राहून चार पंचमांश कोण करत बसणार? त्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ होती, म्हणून पाऊणपट. शिवाय रोजचा फरक सारखा नसतोच. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, आसपास भरती रोज थोडी कमी सरकते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, जास्त. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मुलीला एवढंच बजावून सांगा की हा आपल्या किनाऱ्याचा हिशेब आहे. भावनगरला भरती मुंबईच्या मागून काही तासांनी पोचते, तिथे आजोबांची पाऊणकी चालणार नाही.

पुस्तकातल्या आकृतीत अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत दाखवलेत आणि अष्टमीला काटकोनात. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. एका रेषेत असले की दोघांचे जोर मिळून उधाण, काटकोनात असले की एकमेकांना अडवून भांग. आकृती काढायला सांगितली की मुलं गोल छान काढतात आणि पाण्याचा फुगवटा सूर्याकडे दाखवतात. तिचा तपासा. अष्टमीला तो चंद्राकडेच हवा.

आणि आलाच आहात या धड्यावर तर तिला ओहोटीला कुलाबा किल्ल्यात घेऊन जा. सातवीचा इतिहास बराचसा स्वराज्याचा आहे, त्यात आरमार येतं. कुलाब्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ते ठाणं झालं. दिवसातून दोनदा चालत जाता येतं आणि दोनदा येत नाही, असा किल्ला राखायचा तर पहारे कधी वाढवायचे? हा प्रश्न तिला तिथे वाळूत उभं करून विचारा. बघा ती भूगोलातलं सांगते की इतिहासातलं. परत येताना चुंबकीय वेधशाळेवरून या. सातवीच्या विज्ञानात चुंबकीय क्षेत्राचा धडा आहे, आणि ती वेधशाळा १९०४ मध्ये मुंबईच्या कुलाब्याहून तुमच्याकडे आली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून. ट्रामच्या विजेनं सुया हलल्या असत्या. अलिबागच्या पोरांनी चुंबकीय क्षेत्राची व्याख्या पाठ करावी आणि वेधशाळेच्या भिंतीवरून सायकल न्यावी, याचा मला कायम राग यायचा.

मुलगा सेमी इंग्रजीत सहावीला आहे. पाचवीपर्यंत गणितात नव्वदच्या खाली आला नाही, आता घटक चाचणीत निम्मे मार्क. शेजारच्या बाई म्हणतात, आत्ताच क्लास लावा नाहीतर आठवीला पस्तावाल. लावू का?
— एक आई, पिंपरी

आधी मी सांगते ती तीन गणितं त्याला घाला, मग क्लासचं बघू. पेन्सिल-कागद द्या, वेळ लावू नका, आणि तोंडावर हसू ठेवा.

पहिलं : १/२ आणि १/३ यांची बेरीज. उत्तर २/५ आलं तर त्यानं वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेत. सहावीतली ही सगळ्यात लाडकी चूक. ओरडू नका. एवढंच विचारा, ‘अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, असं कसं?’ २/५ अर्ध्यापेक्षा कमी आहे हे त्याचं त्याला दिसू द्या. दिसलं की तो स्वतःच छेद सारखा करायला निघेल. नाही दिसलं तर दुखणं कुठे आहे ते तुम्हाला कळलं.

दुसरं : ०.२५ मोठे की ०.५? बरीच हुशार मुलं ठामपणे ०.२५ म्हणतात, कारण पंचवीस पाचपेक्षा मोठे. शिवणाची टेप आणा. मीटरचा ०.५ भाग म्हणजे ५० सेंटिमीटर, ०.२५ म्हणजे २५. पूर्वी मी पैशांत समजवायची, पण हल्लीच्या मुलांनी पन्नास पैशांचं नाणं हातात धरलेलं नसतं.

तिसरं : ३/४ भागिले १/४. उत्तर ३ येतं म्हटलं की मुलं आपल्याकडेच संशयानं बघतात. पाचवीपर्यंत त्यांनी एकच शिकलेलं असतं की भागाकार केला की संख्या लहान होते. इथे पाऊणच्या जागी तीन आले. पाऊण लिटर दूध आणि पाव लिटरचं माप ओट्यावर ठेवा आणि किती मापं होतात ते त्याला ओतू द्या. ‘उलटा करून गुण’ हा मंत्र त्यानंतर.

हे तिन्ही जमलं आणि तरी मार्क निम्मेच असतील तर अडचण गणिताची नसून प्रश्न वाचण्याची आहे. सेमीत ती फार असते. त्यावर औषध सोपं आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर सहावीचं मराठी माध्यमाचं गणित फुकट मिळतं. धडे तेच, क्रम तोच. ज्या उदाहरणात अडला ते मराठीत वाचू द्या, सोडवू द्या, मग पुन्हा इंग्रजीत.

क्लासला माझा विरोध नाही, घाईला आहे. पुढचं सगळं सहावीच्या अपूर्णांकांवर उभं असतं. सातवीत परिमेय संख्या, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज येतं. आठवीत सूट, कमिशन, चक्रवाढ व्याज, बैजिक राशींचे अवयव. क्लासमध्ये तो हे सगळं पुढचं पुढचं शिकेल आणि ०.२५ मोठेच म्हणत राहील. तीन गणितांचं काय झालं ते कळवा.

आमच्या वेळी इतिहास म्हणजे गोष्ट होती. नातू आठवीत आहे, त्याचं पुस्तक ‘इतिहासाची साधने’ अशा रुक्ष धड्यानं सुरू होतं. आणि निम्मं पुस्तक नागरिकशास्त्र. मुलांना गोडी कशी लागणार?
— एक आजोबा, चिपळूण

आजोबा, तुमची गोष्ट कुठे गेली नाही. चौथीत शिवछत्रपती अजून गोष्टीरूपानेच आहेत. सहावीत हडप्पापासून प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि स्वराज्य, आठवीत इंग्रज येण्यापासून स्वातंत्र्यापर्यंत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्रापर्यंत. चौथीत कळतं की महाराज शूर होते. सातवीत विचारायचं असतं की राज्य चालायचं कसं. त्याला गोष्टच लागते, पण वेगळी.

तुमच्या गावाचीच सांगते. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला महाराजांनी लिहिलेलं पत्र आहे. त्यात लढाईचा शब्द नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर ती संपेल आणि तुम्ही कुणब्यांकडून ओरबाडायला लागाल, मग लोक म्हणतील मोगल बरे. पुढे तर रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथवर काळजी. मी हे पत्र वर्गात वाचलं की उंदराला मुलं हसतात, आणि मग कुणीतरी विचारतंच, ‘बाई, राजा असून उंदराचं लिहायचे?’ त्या प्रश्नानंतर तास माझा उरत नाही. आता सांगा, हे पत्र म्हणजे काय? लिखित साधन. ज्या धड्याला तुम्ही रुक्ष म्हणालात त्याच धड्यातलं.

त्याच धड्यात मौखिक साधनं आहेत, आणि त्यातलं एक तुम्ही स्वतः आहात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरातली भांडी पडली का, किती दिवस अंगणात झोपलात, पोफळीच्या वीजघरात कुणी कामाला होतं का? नातवाला वही घेऊन बसवा आणि तुम्ही बोला. मग २२ जुलै २०२१ च्या पुराचं त्याला सांगू द्या, तो पूर त्यानं लहानपणी पाहिलेला असेल. दोघांच्या आठवणी एकमेकांशी ताडून बघा, घरातल्या इतरांना विचारा, त्या वेळचं वर्तमानपत्र वाचनालयात मिळालं तर काढा. पाणी किती फूट चढलं यावर घरातच तीन मतं निघतील. ती निघाली की त्याला साधनं तपासायची म्हणजे काय ते कळेल. शाळेत याला प्रकल्प म्हणतात आणि बाजारातून चित्रं आणून चिकटवतात. तेवढं करू नका.

नागरिकशास्त्राबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. सहावीत ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद, सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायालय. परीक्षेत कमी गुणांचं म्हणून शिक्षकही ते मार्चमध्ये उरकतात, हे कबूल. पण पूर ओसरल्यावर पंचनामा कोण करतं, तलाठी कुणाला कळवतो, मदत कुठून मंजूर होते, हे तुम्हीच नातवाला सांगू शकता. ते जिल्हा प्रशासनच आहे, सहावीतलं.

मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘ब-१’ आलं आहे. घरी सगळे नाराज आहेत. किती टक्के झाले?
— एक आई, परभणी

७१ ते ८०. नाराजी आवरा. ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, मग तुमचं ब-१. श्रेणीत फक्त लेखी परीक्षा नसते. सातवी-आठवीला ६० टक्के संकलित, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, आणि ४० टक्के आकारिक, म्हणजे वर्गातलं तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प वगैरे. शाळेत जाऊन विचारा की दोन्हींपैकी कशात कमी पडली. पुष्कळदा मुलगी लेखीत चांगली असते आणि वर्गात तोंड उघडत नाही. आणि आठवीत असेल तर एक लक्षात ठेवा. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. अनुत्तीर्ण झालं तर पुनर्परीक्षा मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. ब-१ वाल्यांनी याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

बाई, मी आठवीत आहे. मला भूगोल आवडतो आणि गणित आवडत नाही. पण यंदा भूगोलाच्या पहिल्याच धड्यात गणितं आहेत, रेखांशांची. हे बरोबर आहे का? आणि बैजिक राशींचे अवयव पाडून आयुष्यात काय होतं?
— एक विद्यार्थी, नागपूर

तुझ्यावर अन्याय झालाय खरा, पण तू नागपूरचा आहेस म्हणून तुला तो धडा सोपा जाणार. मुंबईला कुणी नातेवाईक आहे? संध्याकाळी फोन लाव आणि विचार, तुमच्याकडे सूर्य मावळला का? तुझ्याकडे अंधार पडत आला तरी तिकडे उन्हं असतील. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. नागपूरचं रेखावृत्त साधारण ७९ अंश, मुंबईचं ७३ ला थोडं कमी. फरक सहा अंशांहून जरा जास्त, म्हणजे पंचवीसेक मिनिटं. घड्याळ दोघांचं एकच, कारण ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावरून लावलेलं आहे. त्या हिशेबानं तुझ्या डोक्यावर सूर्य बारा वाजून चौदा मिनिटांच्या आसपास येतो आणि मुंबईत बारा एकोणचाळीसला.

खरं वाटत नसेल तर अंगणात काठी उभी रोव. ओळंबा धरून सरळ कर. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण कर आणि सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघ. ठीक चौदाला नाही येणार. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल यांमुळे ती वेळ वर्षभर मागेपुढे होते, फेब्रुवारीत पंधराएक मिनिटं उशिरा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तेवढीच लवकर. महिन्यातून एकदा केलंस तर वर्षाअखेरीस तुझ्याकडे अशी वही असेल की शिक्षकच मागून नेतील. (ज्या दुपारी सावली पूर्ण पायाखाली जाते ते दिवस आपल्याकडे एक उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो आणि दुसरा पावसाळ्यात ढगांत. शिकवणाऱ्याचं नशीब, दुसरं काय.)

आता अवयव. १०३ गुणिले ९७ तोंडी कर बघू. नाही जमत? १०३ म्हणजे १०० अधिक ३ आणि ९७ म्हणजे १०० वजा ३. तुझ्या पुस्तकातलं (अ + ब)(अ − ब) आठव. १०० चा वर्ग दहा हजार, ३ चा वर्ग नऊ, उत्तर ९९९१. संपलं. रोज लागतं का? नाही लागत, खोटं कशाला सांगू. पण याच वर्षी पुढे चक्रवाढ व्याज आहे, ते मात्र घरोघरी लागतं. दहा हजार रुपये दहा टक्क्यांनी तीन वर्षं ठेवले तर सरळव्याज ३००० आणि चक्रवाढ ३३१०. वरचे ३१० कुठून आले ते वर्षावार मांड. मग घरात कुणाचं कर्ज चालू असेल तर कागद मागून घे आणि त्यावर व्याज कसं लावलंय ते बघ. मोठे लोक तो कागद सहसा वाचत नाहीत.

मुलगी आठवीत आहे, हुशार आहे. आमची मिळकत जेमतेम. शिष्यवृत्तीची एखादी परीक्षा आहे का?
— एक वडील, नंदुरबार जिल्हा

आहे, आणि ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, शाळेत सगळे ‘एनएमएमएस’ म्हणतात. आठवीत असतानाच देता येते. मुलगी सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवी, सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत आहे), आणि आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या वर नको. निवड झाली तर नववी ते बारावी, अटी पाळल्या की, वर्षाला १२,००० रुपये तिच्या खात्यात येतात.

दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. एक बुद्धिमत्तेचा, दुसऱ्यात विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित, सातवी-आठवीच्या पुस्तकांतलंच. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो, तेव्हा मुख्याध्यापकांना आजच भेटा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा, त्याला वेळ लागतो, आणि मुलीच्या नावाचं बँक खातं नसेल तर उघडा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का तेही पाहून घ्या. पैसे अडकतात ते बहुधा तिथेच.